साताऱ्यातील ब्रिटिशकालीन स्थळांची शैक्षणिक सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून सहलींचे दिवस जवळ आले की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, पालक आणि क्वचित विद्यार्थीही आमच्याकडे प्रश्न पाठवू लागतात. त्यांतले जे पुन्हापुन्हा आले तेच येथे घेतले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे येतात. जो मजकूर एका उत्तरात आला आहे तो दुसरीकडे पुन्हा न देता तेथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या सहलीत मुले नेमके काय पाहतात?

एका दिवसात चार ठिकाणे पाहायची आहेत : अजिंक्यतारा, त्याच्या उतारावरील चार भिंती, राजवाडा परिसर व तेथील प्रतापसिंह हायस्कूल, आणि जुन्या शहराबाहेर वसलेला सदर बझार. ही चारही ठिकाणे सातारा शहरातच असल्यामुळे प्रवासात वेळ जात नाही आणि मुलांना प्रत्येक ठिकाणी तासभर तरी थांबता येते. एखाद्या राज्याची सत्ता करारांनी, आरोपांनी आणि अखेर एका पत्राने कशी हातातून जाते, हे या चार ठिकाणांच्या आधाराने जितके स्पष्ट दाखवता येते तितके आपल्या भागात अन्यत्र क्वचितच दाखवता येईल. वेळ उरतो आहे असे वाटून पाचवे ठिकाण घालण्याचा मोह अनेक शाळांना होतो. तो टाळावा, कारण अशा वेळी पाचही ठिकाणे बसच्या खिडकीतून पाहिल्यासारखी होतात.

२. साताऱ्यात ब्रिटिश राजवट कधीपासून धरायची? पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, मग तेव्हापासूनच ना?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्याचे उत्तर एका सनात देता येत नाही. पुण्याच्या बाबतीत १८१८ हे उत्तर बरोबर आहे. सातारा मात्र छत्रपतींची गादी असल्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीने ती लगेच खालसा केली नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यानंतर काही आठवड्यांतच प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवण्यात आले, आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनीशी तह होऊन त्यांचे राज्य रीतसर मान्य झाले. तथापि या तहानुसार महाराजांना कंपनीच्या संमतीवाचून बाहेरच्या कोणाशी पत्रव्यवहार करण्यास मनाई होती, आणि पुढे त्यांच्यावर ठेवलेले आरोप याच अटीभोवती रचले गेले. पहिली काही वर्षे प्रत्यक्ष कारभार जेम्स ग्रँट हा इंग्रज अधिकारी पाहत होता. पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. १८२२ मध्ये महाराजांकडे कारभार सोपवण्यात आला.

सप्टेंबर १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून आधी लिंब गावी आणि तेथून काशीला नेण्यात आले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी त्यांचे बंधू शहाजी, म्हणजे अप्पासाहेब महाराज, गादीवर आले. एप्रिल १८४८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक लॉर्ड डलहौसीने नामंजूर केले आणि सातारा खालसा झाला. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळण्याच्या त्याच्या धोरणाला बळी पडलेले हे पहिले मोठे राज्य होय. झाशी आणि नागपूर त्यानंतरची आहेत.

त्यामुळे मुलांना सांगताना १८१८ ते १८४८ हा अंकित राज्याचा काळ आणि १८४८ नंतरचा प्रत्यक्ष राजवटीचा काळ असे दोन भाग करावेत. हा फरक स्पष्ट झाला नाही तर चार भिंती कोणी बांधली आणि तेथे स्मारक कोणाचे, हा पुढचा गोंधळ ठरलेलाच आहे.

३. ही सहल कोणत्या इयत्तेसाठी योग्य आहे?

इयत्ता आठवीसाठी सर्वांत योग्य, कारण राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात इतिहासाची साधने हा पहिला पाठ आहे आणि १८५७ चा स्वातंत्र्यलढाही त्याच वर्षी शिकवला जातो. नववी-दहावीच्या मुलांनाही नेता येईल. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी मात्र अजिंक्यतारा आणि साताऱ्याचे संग्रहालय (प्रश्न १८) एवढेच ठेवावे. करार, दत्तक आणि खालसा या गोष्टी त्या वयात केवळ पाठ केल्या जातात.

४. कोणाकोणाची परवानगी लागते?

शाळा व्यवस्थापनाचा ठराव, शिक्षणाधिकारी कार्यालयाची पूर्वपरवानगी आणि प्रत्येक पालकाचे स्वाक्षरीचे संमतीपत्र या तीन गोष्टींशिवाय सहल काढू नये. परवानगीच्या अर्जासोबत विद्यार्थी व शिक्षकांची यादी, प्रवासाचा मार्ग, वाहनाची माहिती आणि परतीची वेळ द्यावी लागते. मुली असतील तर शिक्षिका सोबत असणे अनिवार्य समजावे. अटींची परिपत्रके मधूनमधून बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा अर्ज तारीख बदलून पाठवण्याची पद्धत सोडावी आणि चालू वर्षाच्या सूचना कार्यालयातून मागवून घ्याव्यात. प्रतापसिंह हायस्कूलसाठी वेगळे पत्र लागते (प्रश्न १२ पहा).

५. एसटी घ्यावी की खासगी बस?

एसटी घ्यावी. राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते आणि परवानगीच्या वेळीही एसटी असल्यास प्रश्न कमी विचारले जातात. डिसेंबर-जानेवारीत मागणी इतकी असते की आगारात दीड-दोन महिने आधी अर्ज न दिल्यास हवी ती तारीख मिळत नाही.

६. सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येईल का?

येईल. सांगली ते सातारा हे अंतर इस्लामपूर-कराड मार्गाने सुमारे १२० किलोमीटर आहे. सकाळी सहाला निघाल्यास, वाटेत नाश्त्यासाठी एकदा थांबूनही, साडेनऊपर्यंत साताऱ्यात पोहोचता येते. आधी अजिंक्यतारा, उतरताना चार भिंती, दुपारचे डबे खाऊन राजवाडा आणि शेवटी सदर बझार हा क्रम ठेवावा. ऊन चढण्यापूर्वी किल्ला संपतो हे एक कारण झाले. दुसरे असे की वरून शहर पाहिलेले असले की खालची ठिकाणे मुलांना आपोआप जोडता येतात. चारच्या सुमारास परत निघाल्यास रात्री फार उशीर होत नाही. जत किंवा आटपाडीकडच्या शाळांनी मात्र एक दिवसाचा हट्ट धरू नये. प्रश्न १७ मधील पर्याय त्यांना अधिक सोयीचा आहे.

७. अजिंक्यतारा हा तर जुना किल्ला. ब्रिटिशकालीन सहलीत तो कशासाठी?

किल्ला शिलाहारांच्या काळातील मानला जातो, १७०० मध्ये औरंगजेबाने त्याला वेढा घालून तो घेतला, आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, हे सगळे खरे आहे आणि वर चढताना थोडक्यात सांगावेही. या सहलीत मात्र किल्ल्याचा उपयोग मुख्यतः शहराचा नकाशा वाचण्यासाठी करायचा आहे. तटावर उभे राहिले की पायथ्याशी दाटीने वसलेले पेठांचे जुने सातारा दिसते आणि पूर्वेकडे, त्यापासून अंतर राखून, कॅम्प (लष्करी छावणी) आणि सदर बझारचा भाग दिसतो, जेथे रस्ते रुंद आणि आवारे मोठी आहेत. राजाची वस्ती एकीकडे आणि रेसिडेंटची, म्हणजे दरबारातील कंपनीच्या प्रतिनिधीची, वस्ती दुसरीकडे, अशी ही रचना आहे. आज मधला भाग भरून गेल्यामुळे सीमा पुसट झाली आहे, तरी पाच मिनिटे शांतपणे पाहिल्यास बहुतेक मुलांना ती ओळखता येते. तिचे चित्र वहीत काढून घ्यावे. ते दुपारी उपयोगी पडते.

८. चार भिंती येथे पाहण्यासारखे काय आहे? पाच मिनिटांत होते म्हणतात.

पाच मिनिटांत पाहून होते, हे खरे आहे. किल्ल्याच्या उतारावर शहराकडे तोंड करून असलेली ही वास्तू प्रतापसिंह महाराजांच्या काळात, १८३० च्या सुमारास, दसऱ्याची मिरवणूक राजस्त्रियांना पाहता यावी म्हणून बांधली गेली, असे सांगितले जाते. आज ती ओळखली जाते ती १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक म्हणून.

या जागेचे महत्त्व तिच्या या दुहेरी ओळखीतच आहे. ज्या वास्तूतून राजघराण्याने आपला सण पाहिला, तीच वास्तू ते राज्य परत मिळवू पाहणाऱ्यांच्या स्मरणासाठी निवडली गेली. मुलांना येथे बसवून प्रश्न २ मधील घटना क्रमाने सांगाव्यात, मग प्रश्न ९ मधील हकिकत सांगावी आणि त्यानंतर स्मारकाचा मजकूर त्यांनीच मोठ्याने वाचावा. आधी मजकूर वाचून मग माहिती सांगितल्यास मुले नावे वाचतात आणि विसरतात, असा आमचा अनुभव आहे. खाली शहराकडे पाहत हे सगळे ऐकायला पाऊण तास पुरत नाही.

९. १८५७ मध्ये साताऱ्यात नेमके काय घडले? पाठ्यपुस्तकात तर दिल्ली, कानपूर, झाशी हेच जास्त आहे.

साताऱ्यात लढाई झाली नाही, कारण उठावाचा बेत आधीच उघड झाला. काशीला मरण पावलेल्या प्रतापसिंह महाराजांच्या घराण्याला राज्य परत मिळावे म्हणून महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी सातारा आणि आसपासच्या भागांत माणसे जमवण्यास सुरुवात केली होती. खजिना लुटावा, कैदी सोडवावेत आणि कॅम्पवर हल्ला करावा असा बेत असल्याचे इंग्रजांच्या चौकशीत नोंदवले गेले. जून १८५७ मध्ये पलटणीतील शिपायांना चिथावल्याच्या आरोपावरून मानसिंग नावाच्या चपराशाला फाशी देण्यात आले आणि धरपकड सुरू झाली. राजघराण्यातील व्यक्तींना साताऱ्यातून हलवून मुंबईजवळच्या बुचर बेटावर ठेवण्यात आले, कारण त्यांच्या नावाने लोक एकत्र येतील ही भीती प्रशासनाला होती.

८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यातील गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला : पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी आणि सहा जणांना गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत (प्रश्न ११ पहा).

पाठ्यपुस्तकात हे थोडक्यात येते किंवा येत नाही, याचे कारण साताऱ्याचा उठाव प्रत्यक्षात घडण्यापूर्वीच मोडला गेला. घडलेल्या लढायांना इतिहासात जागा मिळते, पकडलेल्या बेतांना मिळत नाही. आमच्या मते सहल साताऱ्यात नेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

१०. तोफेच्या तोंडी देणे वगैरे तपशील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सांगावेत का? काही पालकांची हरकत असते.

शिक्षा कोणत्या होत्या आणि किती जणांना झाल्या हे सांगावे; त्या कशा दिसल्या असतील याचे वर्णन करू नये. तोफेची शिक्षा सार्वजनिक जागी देण्यामागे पाहणाऱ्यांवर वचक बसवण्याचा हेतू होता, आणि शिक्षकाने रंगवून वर्णन केले की आपणही नकळत तोच परिणाम साधत असतो. शिक्षा गावासमोर का दिल्या असतील, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. त्यांची उत्तरे बहुधा मोठ्यांपेक्षा नेमकी असतात. हरकत घेणाऱ्या पालकांना संमतीपत्रासोबत या भागाची एक परिच्छेदाची लेखी माहिती आधीच द्यावी. ती वाचल्यानंतर हरकत कायम ठेवणारे फार थोडे असतात.

११. रंगो बापूजी इंग्लंडला गेले होते, हे खरे का? आणि शेवटी त्यांचे काय झाले?

खरे आहे. प्रतापसिंह महाराजांवर झालेला अन्याय कंपनीच्या संचालकांपुढे आणि इंग्रज जनतेपुढे मांडण्यासाठी महाराजांचे वकील म्हणून ते लंडनला गेले आणि १८४० ते १८५३ एवढा दीर्घ काळ तेथे राहिले. त्यांनी अर्ज केले, भाषणे केली, कागद छापून वाटले, सहानुभूती बाळगणारे इंग्रज मित्रही मिळवले. या काळातच महाराजांचे निधन झाले आणि मागोमाग राज्यही खालसा झाले, म्हणजे ज्यासाठी ते गेले होते ते त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. अर्ज-विनंत्यांचा मार्ग इतक्या चिकाटीने चालून पाहिलेला माणूस परत आल्यावर चारच वर्षांत उठावाच्या तयारीला लागतो, हा क्रम मुलांसमोर ठेवावा आणि त्यावर निष्कर्ष त्यांना काढू द्यावा.

उठावाचा बेत फुटल्यावर ते भूमिगत झाले. त्यांना पकडण्याचे सर्व प्रयत्न फसले. नंतर ते कोठे होते याविषयी अनेक आख्यायिका आहेत. त्या आख्यायिका म्हणूनच सांगाव्यात.

१२. प्रतापसिंह हायस्कूल आतून पाहता येते का?

ती चालू शाळा आहे हे आधी लक्षात घ्यावे. मुख्याध्यापकांच्या नावे आपल्या शाळेच्या पत्रावर आधी विनंती करावी, त्यांनी दिलेली वेळ पाळावी आणि वर्ग चालू असताना व्हरांड्यातून रांग नेऊ नये. परवानगी न मिळाल्यास बाहेर उभे राहूनही सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

ही शाळा १८५१ ची, म्हणजे सातारा खालसा झाल्यावर तीन वर्षांनी सुरू झालेली सरकारी इंग्रजी शाळा आहे, आणि पुढे ती राजवाड्याच्या वास्तूत भरू लागली. राजाचा वाडा आणि त्यात सरकारची शाळा, या बदलाकडे मुलांचे लक्ष वेधावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला. तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या शाळेने त्यांना प्रवेश दिला त्याच काळातील शाळांत अस्पृश्य मुलांना वेगळे बसावे लागे, हेही येथेच सांगावे. प्रवेशाची नोंद दाखवून टाळ्या वाजवून निघून जाणे सोपे असते, पण त्यामुळे अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

१३. सदर बझारमध्ये मुलांना काय दाखवायचे? तेथे तर नेहमीची वस्ती आहे.

इमारतींपेक्षा वस्तीची मांडणी पाहायची आहे. लष्करी छावणीला लागून तिच्या गरजांसाठी जो बाजार वसवला जाई त्याला सदर बझार म्हणत, आणि छावणी असलेल्या अनेक शहरांत या नावाची वस्ती आढळते. किल्ल्यावर काढलेले चित्र (प्रश्न ७) येथे बाहेर काढून पेठांतील गल्ल्या आणि येथील रस्ते यांची तुलना मुलांकडून करून घ्यावी. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई यांची समाधीही सदर बझार भागात आहे; १८९६ मध्ये त्यांचे निधन साताऱ्यात झाले. सुभेदार रामजी आंबेडकर लष्करातून निवृत्त होऊन येथे आले होते, त्यामुळे छावणी आणि आंबेडकर कुटुंब यांचा संबंध मुलांना सहज लक्षात येतो.

१४. इंग्रजांनी रस्ते, पूल, शाळा केल्या, मग मुलांनी विचारले तर त्यांना चांगले म्हणायचे की वाईट?

असा प्रश्न एखादे मूल हमखास विचारते आणि शिक्षक बहुधा घाईने उत्तर देतात. घाई करू नये. साताऱ्याहून महाबळेश्वरला जाणारा रस्ता १८२५ च्या सुमारास प्रतापसिंह महाराजांनी करवून घेतला, आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये अप्पासाहेब महाराजांच्या काळात झाला. म्हणजे त्या काळात झालेले प्रत्येक बांधकाम इंग्रजांच्या खात्यावर मांडता येत नाही. उलट बाजूने पाहिले तर सातारा खालसा करण्याबाबत इंग्रज अधिकाऱ्यांतही एकमत नव्हते. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रेअर यांचे मत दत्तक मान्य करावे असे होते, पण डलहौसीने ते मानले नाही. कोणी, कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या सोयीसाठी बांधले, हे तीन प्रश्न मुलांना दिले की चांगले-वाईट ठरवण्याचे काम त्यांचे ते करतात.

१५. सगळे महाबळेश्वरला जातात. तेथे ब्रिटिशकालीन काही नाही का?

पुष्कळ आहे; किंबहुना दोन दिवसांची सहल असेल तर दुसरा दिवस तेथेच द्यावा. अडचण अशी की बहुतेक शाळा तेथे नौकाविहार, स्ट्रॉबेरी आणि पॉइंट एवढेच करून परततात, आणि अर्जात मात्र शैक्षणिक सहल असे लिहितात.

क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे कृष्णामाईच्या उगमाचे जुने देवस्थान, आणि इंग्रजांनी वसवलेले माल्कम पेठ या दोन वेगळ्या वस्त्या आहेत, येथून सुरुवात करावी. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर आला. त्याच्या नावाच्या पॉइंटवर त्याचा स्मारकस्तंभ आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये ही जागा प्रतापसिंह महाराजांकडून घेतली आणि तिच्या बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव दिले. मुंबईच्या उन्हाळ्यातून सुटका आणि आजारी सैनिकांना हवापालट हा त्यामागील हेतू होता. प्रश्न २ मधील तह दहा वर्षांचा झालेला असताना हा व्यवहार झाला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी ज्यांनी जागा दिली ते महाराजच पदच्युत झाले. या तारखा एकाखाली एक लिहून दाखवाव्यात.

बाजारपेठेत फिरताना एक गोष्ट अवश्य सांगावी. १८३४ ते १८६४ या काळात येथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. सिंगापूरकडील वसाहतींतून पाठवलेल्या या कैद्यांकडून रस्त्यांची आणि मळ्यांची कामे करून घेतली जात. बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड तसेच वेताचे विणकाम यांत त्यांचा मोठा वाटा होता. पॉइंटांना नावे मिळाली ती अधिकाऱ्यांची. मळे पिकवणाऱ्या या माणसांच्या नावाने तेथे काही नाही. आपल्या जिल्ह्यातील एका थंड हवेच्या गावाचा संबंध चीनच्या कैद्यांशी आहे हे ऐकून मुले जितकी चकित होतात तितकी एखाद्या दरीनेही होत नाहीत. याखेरीज फ्रेअर हॉल (१८६४) दाखवावा. प्रश्न १४ मध्ये ज्याचा उल्लेख आला तो साताऱ्याचा रेसिडेंट पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याचे हे नाव आहे.

१६. इंग्रजी शिलालेख आणि थडगी पाहताना कोणती काळजी घ्यावी?

महाबळेश्वरचा बेकविथ स्मारकस्तंभ हे चांगले उदाहरण आहे. मुंबईचा सेनापती आणि काही काळ हंगामी गव्हर्नर असलेला सर सिडनी बेकविथ १८३१ मध्ये तेथे मरण पावला. अशा लेखांची अक्षरे झिजलेली असतात. ती दिसावीत म्हणून खडू, कोळसा किंवा पाणी लावू नये आणि कागद ठेवून पेन्सिलीने घासूनही ठसा घेऊ नये. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, अक्षरे चांगली वाचता येतात. थडग्यांवर बसू नये हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगावे लागते. लेखात काय लिहिले आहे याबरोबर तो कोणी लिहवून घेतला हे मुलांनी टिपावे, कारण स्मारकावर माणसाचे दोष सहसा कोरले जात नाहीत.

१७. आम्ही सांगलीचे. साताऱ्याला न जाता सांगलीतच अशी सहल होऊ शकते का?

होऊ शकते, परंतु येथे एक अपवाद समजून घ्यावा लागतो. सांगली शहर ब्रिटिश मुलखात नव्हते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती, तर तासगाव आणि वाळवा (इस्लामपूर) हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते. आजचा सांगली जिल्हा हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन गावांचा स्वातंत्र्यपूर्व इतिहास पूर्णपणे वेगळा असू शकतो.

शहरात आयर्विन पूल पाहावा. पूल १९२९ चा, बांधला संस्थानने आणि नाव मात्र व्हाइसरॉयचे. प्रश्न १४ मधील तीन प्रश्न येथे चपखल बसतात. आज कृष्णेचा पूर याच पुलापाशी फुटांत मोजला जातो, ४५ फूट ही धोक्याची पातळी सांगलीतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते, त्यामुळे इतिहास आणि भूगोल दोन्ही शिक्षकांची सोय होते. १९१९ मध्ये सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ च्या सुमारास उभारलेले मिशन हॉस्पिटल बाहेरून दाखवता येते. सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तट ओलांडून सुटका करून घेतली, पाठलागात गोळीबार झाला, दोन सहकारी हुतात्मा झाले आणि दादा जखमी अवस्थेत पुन्हा पकडले गेले. कारागृहात मुलांना नेण्याचा आग्रह धरू नये; तटाबाहेरच्या रस्त्यावर ही हकिकत सांगणे पुरेसे आहे. कुंडलला जोडून घेतल्यास क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा भागही पूर्ण होतो आणि सारे एका दिवसात बसते.

१८. साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखे पाहायला मिळतील का?

आधी चौकशी करावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांसाठी उसनी आणलेली वाघनखे जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात काही महिने मांडलेली होती. ती राज्यातील एकाहून अधिक संग्रहालयांत फिरवण्याची योजना होती. ती वाघनखे साताऱ्याचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफने विलायतेत नेली आणि त्याच्या वंशजांकडून ती लंडनच्या संग्रहालयाला मिळाली. प्रश्न २ मधील ग्रँट तो हाच. ती शिवाजी महाराजांनी अफजलखानावर वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे त्या संग्रहालयाचे स्वतःचे म्हणणे आहे. हे मुलांपासून लपवू नये. मुले नाराज होतील ही शिक्षकांची भीती सहसा खोटी ठरते. एखादी वस्तू खरी कशी ठरवतात, या चर्चेत ती रमतात.

१९. फलकावरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा वेगळा निघाला, तर कोणता खरा सांगायचा?

दोन्ही वहीत लिहून घ्यावेत आणि कोणता मजकूर घटनेच्या अधिक जवळच्या काळातला आहे, कोणाच्या कागदावर आधारलेला आहे, हे वर्गात परत आल्यावर तपासावे. स्थळावर उभे राहून घाईने निकाल देऊ नये. आठवीच्या पहिल्याच पाठाचा हा प्रत्यक्ष सराव आहे.

२०. चढ चढता न येणाऱ्या विद्यार्थ्याचे काय करावे?

अजिंक्यताऱ्यावर दरवाजाजवळपर्यंत वाहनाचा रस्ता जातो. मोठी बस नेण्याबाबत चालकाचा निर्णय अंतिम मानावा आणि लहान वाहनाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. त्या विद्यार्थ्याला बसमध्ये बसवून ठेवून बाकीच्यांनी वर जाऊ नये. तटापर्यंत जाणे शक्य नसेल तर त्याचा पूर्ण गट चार भिंतींपाशी थांबवून नकाशाचे काम तेथून करावे. तेथूनही शहराचा मोठा भाग दिसतो.

२१. मुलांना मोबाइल आणू द्यावा का?

नाही. छायाचित्रांसाठी प्रत्येक गटातील शिक्षकाचा एक फोन पुरतो. स्मारकापुढे रील करण्याचा उत्साह आवरणे हे आता सहलीतील स्वतंत्र काम होऊन बसले आहे, आणि ते करण्यासाठी कोणाला वेळ नसतो.

२२. जुलै-ऑगस्टमध्ये, कासच्या फुलांसोबत ही सहल जोडावी का?

जोडू नये. कासचा बहर साधारण सप्टेंबरात असतो, त्या वेळी रस्त्यावर गर्दी असते, आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या वाटा निसरड्या होतात. ८ सप्टेंबरला स्मृतिदिनानिमित्त चार भिंतींवर जायचेच असेल तर साताऱ्यातील शाळांनी अर्ध्या दिवसाची भेट ठेवावी. दूरच्या शाळांनी डिसेंबर गाठावा.

२३. सहलीनंतर मुलांकडून अहवाल लिहून घ्यावा का?

सकाळी सहाला निघालो, नाश्ता केला, खूप मजा आली, अशा अहवालाचा कोणालाच उपयोग नसतो. त्याऐवजी प्रत्येकाने एकच गोष्ट निवडावी, मग ती एखादी कमान असो, फलक असो, रस्त्याचे नाव असो किंवा वास्तूचा बदललेला वापर असो, आणि तिच्याविषयी एक पान लिहावे : काय दिसले, काय ऐकले आणि कशाची खात्री पटली नाही. गुण द्यायचेच असतील तर तिसऱ्या भागाला सर्वाधिक द्यावेत. मुदत आठवडाभराची ठेवावी, कारण दुसऱ्याच दिवशी मागितलेली पाने बहुधा एकमेकांच्या वहीतून उतरवलेली असतात.

२४. आयत्या वेळी एखादे ठिकाण बंद निघाले तर?

संग्रहालय किंवा शाळा बंद असण्याची शक्यता असते, म्हणून सहलीची तारीख सोमवार, सार्वजनिक सुट्टी आणि परीक्षांचे दिवस टाळून ठरवावी आणि आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करावी. तरीही अडचण आली तर तो वेळ चार भिंतींना द्यावा. शहरात बंदोबस्त किंवा मोठा कार्यक्रम असेल तर राजवाड्याजवळ बस उभी करण्यास जागा मिळत नाही. अशा वेळी मुलांना एसटी स्थानकाच्या बाजूला उतरवून रांगेने चालत नेणे आणि बस परत येण्याची जागा व वेळ चालकाला लिहून देणे सोयीचे ठरते.